शंकेचा हात

रूमियाखालांनी दार उघडलं, पण साखळी काढली नाही. फटीतून त्यांचा एक डोळा दिसला, मोतीबिंदूनं दुधाळ झालेला, आणि मागे दोरीनं करकचून बांधलेली दोन बोचकी.

"कोण आहे?"

"मी मिल्का. झिराडकरांची सून."

"हिंदवाल्यांची?"

"हो."

"मग काय पाहिजे? तिसऱ्या प्रहरी, अस्राच्या बांगेला आमची गाडी यायचीय. मला वेळ नाही."

"सासूबाई गेल्या, खाला. आज पहाटे."

डोळा मिटला. मृत्यूची बातमी ऐकली की आम्ही यहुदी लोक हिब्रूत दोन शब्द म्हणतो, न्याय करणारा खरा आहे अशा अर्थाचे. ते त्यांनी पुटपुटले. मग डोळा पुन्हा उघडला.

"तुमच्या बायका कुठे आहेत?"

"बायका कुठल्या? मी एकटी उरलेय. तुम्ही आलात तर होईल, नाहीतर होणार नाही."

त्यांनी दार लावून घेतलं. मी तिथंच उभी राहिले. घरी सासूबाई फळीवर होत्या, आणि जूनमधलं एडनचं ऊन म्हणजे काय ते तिथं राहिलेल्यालाच माहीत. दुसरं कुठं जायला मला दारच नव्हतं.

सदुसष्ट साल होतं ते. तिकडे दूर इस्राएलची अरबांशी लढाई झाली, सहा दिवसांत संपलीसुद्धा, पण तिचा राग निघाला आमच्या गल्लीवर. यहुद्यांची दुकानं जळली, दोन माणसं मारली गेली. इंग्रज अजून होते, पण त्यांचेही जायचे दिवस भरले होते. त्यांनी उरल्यासुरल्या यहुद्यांना निरोप दिला की लष्कराची गाडी येईल, विमानतळावर नेईल, तिथून लंडन. प्रत्येकानं एक-दोन बोचकी घ्यावीत. एके काळी त्या क्रेटर भागात हजारोंनी राहणारी ती माणसं, आता दोन-तीन गाड्यांत मावणार होती.

आम्हीही यहुदीच. पण आम्ही कोकणातले, बेने इस्राएल, अलिबागकडचे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली. माझे सासरे बंदरावर नोकरीला म्हणून एडनला गेले आणि तिथलेच झाले. मी झिराडकरांकडे लग्न होऊन गेले तेव्हा आमचीही बरीच घरं होती. हळूहळू कुणी मुंबईला परतलं, कुणी इस्राएलला गेलं. आमच्याकडे हिंदुस्थानचे पासपोर्ट होते, त्यामुळे लष्कराची गाडी आमच्यासाठी नव्हती. आम्हाला आमची बोट धरायची होती, ती मिळेल तेव्हा.

आता रूमियाखालांकडेच का, ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

आमच्यात मेलेल्या बाईला बायकाच आंघोळ घालतात, आणि त्या आपल्यातल्याच लागतात. आधी साबण लावून नीट स्वच्छ करायचं. मग शेवटी धार धरायची. तीन भांडी पाणी, एकामागून एक, डोक्यापासून पायापर्यंत, आणि ती धार मध्ये तुटता कामा नये. पहिलं भांडं संपायच्या आत दुसऱ्याचं पाणी पडायला लागलं पाहिजे, दुसरं संपायच्या आत तिसऱ्याचं. धार तुटली की सगळं पहिल्यापासून. ती झाली की माणूस शुद्ध होऊन जातो. एकटीनं हे होत नाही. भरलेल्या बादल्या असतात त्या, काही तांब्या-भांडं नव्हे.

एडनच्या यहुदी बायकांत हे काम रूमियाखाला करत. कितीतरी वर्षं करत होत्या. त्यांच्या हाताखाली चार-पाच जणी असायच्या, आणि त्यांत शिरायचं म्हणजे मोठा मान होता.

माझ्या सासूबाईंना, एस्तेरबाईंना, तो मान हवा होता. हौसच होती त्यांना म्हणा ना. जिवंत माणसाचं केलं तर तो आभार मानतो, मेलेल्याचं केलं तर कुणी मानत नाही, म्हणून ते सगळ्यांत चांगलं, असं म्हणायच्या. त्याआधी दहा-अकरा वर्षं एडनवाल्यांतली एक बाई बाळंतपणात गेली. हात कमी आहेत असं कळलं, तशा सासूबाई डोक्यावर पांढरी ओढणी घेऊन निघाल्या. मलाही बरोबर घेतलं. रूमियाखाला त्या घराच्या उंबऱ्यातच उभ्या होत्या, बाह्या वर केलेल्या.

"तुम्ही कशाला आलात?"

"मदतीला," सासूबाई म्हणाल्या.

"तुमचं तुम्ही बघा, आमचं आम्ही बघू. तुमची लग्नं कोण लावतं, तुमची काडीमोडं कोण लिहितं, कुणाला ठाऊक? तुम्ही यहुदी असाल, नसाल, ते देवाला माहीत. मी भांडत नाही. पण मयताला शंकेचा हात नको."

चार बायकांसमोर बोलल्या. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं असं सासूबाई नंतर म्हणाल्या. मला ते पटलं नाही. माझ्या अंगाची लाहीलाही झाली होती, आणि उन्हातून परत येताना मी तोंडाला येईल ते बोलत होते. घरी आल्यावर सासूबाईंनी दोन बादल्या काढल्या, गच्चीवर पाट मांडला, पाटावर लोड ठेवला आणि म्हणाल्या, "ये, धर."

"काय धरू?"

"धार. आपल्यातलं कुणी गेलं तर कुणाच्या तोंडाकडे बघायचं? शिकून घे."

मग पुढं कितीतरी वेळा मी त्या लोडाला आंघोळ घातली. कापूस कुजून लोड फुटला, तेव्हा ह्यांनी विचारलं, हा प्रकार काय आहे. सासूबाई म्हणाल्या, पाहुण्यांनी पाणी सांडलं. असल्या थापा त्या फार सराईतपणे मारायच्या.

तर अशा त्या रूमियाखालांच्या बंद दारापुढे मी उभी होते. किती वेळ, ते सांगता येत नाही. आतून काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. मग साखळी निघाली. त्या बाहेर आल्या, डोक्याला रुमाल बांधलेला, हातात काहीच नाही. मागून त्यांचा पुतण्या दाऊद आला, चाळिशीचा माणूस, तो अरबीत त्यांच्यावर तणतणत होता.

"गाडी थांबणार नाही, अम्मा. लष्कराची आहे ती, तुमच्या बापाची नाही."

"तू सामान घेऊन नाक्यावर जा," त्या म्हणाल्या. "कागद तुझ्याकडेच ठेव. मी परस्पर येते."

"आणि नाही आलात तर?"

"तर तू लंडनला जा. तिकडे थंडी असते म्हणे, टोपी घाल."

मग माझ्याकडे वळून हिंदुस्थानीत म्हणाल्या, "चल. माझा हात धर, मला पायऱ्या दिसत नाहीत."

एडनच्या जुन्या माणसांना हिंदुस्थानी यायचीच. आम्ही दोघी तिच्यातच बोलत होतो.

रस्त्यावर दुकानं बंद होती. एका फळीला अजून धुराचा वास येत होता, ते मसाल्याचं दुकान होतं, त्यामुळे जळक्या जिऱ्यासारखा वास. मी त्यांना बोलवायला गेले होते खरी, पण मनातून मला त्यांचा राग होता, आणि त्यांचा हात हातात धरून चालताना तो कमी होत नव्हता.

घरी जिन्याच्या तोंडाशी हे उभे होते. बंदरातली चार माणसं तिरडी घेऊन बसली होती. आमच्यातले दोघे, एक पारशी आणि एक रत्नागिरीकडचा मुसलमान खलाशी. संध्याकाळी कर्फ्यू लागायचा होता आणि त्याच्या आत कबरस्तान गाठून परत यायचं होतं. रूमियाखालांना पाहून ह्यांच्या भुवया वर गेल्या.

मागच्या खोलीत दोन बाकांवर फळी टाकून सासूबाईंना निजवलं होतं. रूमियाखालांनी दार ओढून घेतलं आणि हातानं चाचपून सगळी खोली बघितली. फळी, बाक, बादल्या.

"नळ?"

"काल संध्याकाळपासून बंद आहे."

"पाणी किती आहे?"

"हे पिंप. अर्ध्याच्या वर आहे. आणि स्वयंपाकघरात प्यायचं, दोन हंडे नि एक कळशी."

"पिंप पुरेल. कफन?"

सासूबाईंची पेटी उघडीच होती. कफन त्यांनी स्वतः शिवून तळाशी ठेवलं होतं, मी लग्न होऊन आले तेव्हापासून. रूमियाखालांनी ते मांडीवर घेतलं आणि शिवण अंगठ्याखालून सरकवत गेल्या, टोकापासून टोकापर्यंत. कफनाला गाठ चालत नाही, दोऱ्याच्या शेवटीसुद्धा नाही. कुठंच गाठ लागली नाही तेव्हा त्या थांबल्या.

"कुणी शिवलं?"

"त्यांनीच."

"हं," त्या म्हणाल्या, आणि बाह्या वर केल्या.

स्वच्छ करायचं काम आम्ही दोघींनी मिळून केलं. त्या बोटांनी बघत होत्या. नखांखालचा मळ, कानामागचं, पायाच्या बोटांमधलं. अंग झाकूनच ठेवायचं, जेवढं धुवायचं तेवढंच उघडं करायचं, आणि मयताच्या अंगावरून काही द्यायचं घ्यायचं नाही. मी साबण सासूबाईंच्या पोटावरून त्यांच्याकडे सरकवला तर त्यांनी माझ्या मनगटावर चापट मारली. "वळसा घालून ये. ती काय टेबल आहे?" मला हे सासूबाईंनीही शिकवलं होतं, घाईत विसरले. मध्येच एकदा सासूबाईंच्या उजव्या हाताच्या कोपरावर त्यांची बोटं थांबली. तिथं जुना भाजल्याचा डाग होता.

"हे काय?"

"पुरणपोळ्या करताना. तवा लागला होता."

"गोड असतात त्या. तिनं एकदा पाठवल्या होत्या."

"माहीत आहे. तुम्ही परत पाठवल्यात."

"एक खाऊन पाठवल्या," रूमियाखाला म्हणाल्या.

मी बादल्या भरायला लागले. तीन भरल्या तेव्हा पिंपाच्या तळाला गढूळ पाणी राहिलं.

पहिली माझी, दुसरी त्यांची, तिसरी परत माझी असं ठरलं. मी पहिली बादली उचलली आणि डोक्याकडून सुरू केलं. हात स्थिर होता माझा, गच्चीवरच्या लोडाची कृपा. पाणी सासूबाईंच्या केसांवरून, खांद्यांवरून खाली जात होतं. बादली हलकी होत आली तशी मी म्हणाले, "खाला, आता." त्यांनी दुसरी उचलली. छातीपर्यंत आली आणि त्यांचा खांदा अडकला. म्हातारा खांदा तो, वर जाईना. त्यांनी दात आवळले. तेवढ्यात माझी बादली संपली.

पाण्याचा आवाज थांबला. लगेच सुरूही झाला, त्यांनी कशीबशी बादली कलती केली होती. श्वास घ्यायला लागतो तितकासुद्धा वेळ गेला नसेल. मी तिसरी बादली वेळेवर जोडली, पायापर्यंत नेली, रिकामी करून खाली ठेवली. झालं, असं मला वाटलं.

रूमियाखाला भिंतीला टेकून खांदा चोळत होत्या.

"तुटली का?"

मी रिकाम्या बादल्या भिंतीशी लावायला लागले.

"मला दिसत नाही, बेटी. ऐकूही नीट येत नाही या कानानं. तू सांग, धार तुटली का मध्ये?"

त्याच वेळी खालून रस्त्यावरून दाऊदची हाक आली, "अम्मा! गाड्या आल्या! अम्मा!" आणि दाराबाहेर हे खाकरले. "अगं, आटपा आता. उजेड आहे तोवर जायला हवं."

नाही म्हटलं असतं तर संपलं असतं. सासूबाई कबरीत पोचल्या असत्या, रूमियाखाला गाडीत. कोण बघायला बसलं होतं? पण गच्चीवर सासूबाई मला दर वेळी विचारायच्या, तुटली का, आणि मी नाही म्हणाले तर माझ्या तोंडाकडे बघत राहायच्या. आत्ताही त्या तिथंच होत्या. मला सरळ हो म्हणायचंही धैर्य होईना.

"तुटली असेल, नसेल," मी म्हणाले. "शंका आहे."

"मग परत."

"खाला, पाणी नाही."

"ते हंडे?"

"प्यायचं आहे ते. नळ कधी येईल माहीत नाही. बाहेरची माणसं कबरस्तानातून परत येतील, त्यांना हात धुवायला, घोटभर प्यायला..."

"आण."

"तुमची गाडी आलीय."

"ऐकलं मी. तेवढं ऐकू येतं." त्या भिंतीपासून सुटल्या आणि सासूबाईंच्या उशाशी येऊन उभ्या राहिल्या. "मयताला शंकेचं पाणी नको. पहिल्यापासून."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. यहुदी नसलेल्या बाईला त्या धारेचं काहीच नसतं. ती तुटली काय, न तुटली काय, ओतली काय, न ओतली काय, सारखंच. रूमियाखाला इतक्या कडक, की ज्यांच्याबद्दल शंका त्यांना उंबऱ्यात येऊ देत नसत. आणि या बाईसाठी स्वतःची गाडी खाली उभी ठेवून त्या पहिल्यापासून म्हणत होत्या. मला एकदम रडू आलं. सकाळपासून आलं नव्हतं.

"रडतेस काय? हंडे आण," त्या म्हणाल्या.

मी स्वयंपाकघरातून एकेक करून आणले. ह्यांनी मला प्यायचं पाणी नेताना बघितलं. "हे काय?" म्हणाले. मी म्हटलं, "आईंसाठी." ते बाजूला झाले आणि दुसरा हंडा त्यांनीच दारापर्यंत आणून ठेवला.

या वेळी ओतायचं सगळं मी घेतलं. रूमियाखाला खाली वाकल्या आणि हंड्याच्या बुडाला आपला चांगला खांदा लावला. "तू फक्त तोंड सांभाळ, वजन माझ्यावर." आधी कळशी. ती अर्धी होते न होते तो त्यांनी खालून हंडा उचलून दिला, आणि मी एका हातानं कळशी नि दुसऱ्या हातानं हंडा धरला. दोन्हीचं पाणी एकत्र पडायला लागलं. अर्धं सासूबाईंवर, अर्धं रूमियाखालांवर. त्यांच्या डोक्यावरून, झग्यावरून पाणी ओघळत होतं, त्या हलल्या नाहीत. हंडा संपत आला, दुसरा लागला. मी मोठ्यानं सांगत होते, "चालू आहे, खाला, चालू आहे," आणि त्या खालून म्हणत होत्या, "बोलू नकोस, ओत."

शेवटचा थेंब पायावर पडला.

"तुटली?"

"नाही."

"शंका?"

"नाही."

"मग झालं," त्या म्हणाल्या, आणि बाकाला धरून हळूहळू उभ्या राहिल्या.

कफन घातलं. गॅलरीतल्या कुंडीतला सब्जा तोडून आणला, आमच्यात मयताबरोबर ठेवतात. त्यांच्यातही तो चालतो असं त्या म्हणाल्या, वास घेऊन. शेवटी मयताची माफी मागतात. आम्ही तुझं करताना काही चुकलं असेल, तुझा मान राहिला नसेल, तर क्षमा कर, असं. ते त्यांनी अरबीत सुरू केलं आणि मध्येच थांबल्या.

"हिला अरबी कळायचं?"

"बाजारापुरतं."

"नाव काय हिचं? बापाचं?"

"एस्तेर. शेलोमोची मुलगी."

मग त्या सासूबाईंच्या कानाशी वाकून हिंदुस्थानीत म्हणाल्या, "एस्तेर, शेलोमो की बेटी, माफ करना." इतकंच. ते नियमाप्रमाणं सगळ्यांनाच म्हणतात. त्यात आणखी काही होतं का, मी विचारलं नाही.

त्या नखशिखांत भिजल्या होत्या. त्यांचे कपडे बोचक्यात, बोचकी दाऊदकडे. अशा ओल्या बाईला विमानात कसं पाठवायचं? पेटी उघडीच होती. वरचं लुगडं काढलं, सासूबाईंचं जांभळं, सणाचं, आणि त्यांना दिलं. मेलेल्या बाईचं म्हणून नको म्हणतील असं वाटलं होतं. पण त्यांनी हातानं पोत बघितला, काठ बघितला आणि हात वर करून उभ्या राहिल्या. कासोटा घालायला वेळ कुठला? मी ते नऊवार नुसतंच गोल गोल गुंडाळून, पदर डोक्यावर देऊन खोचून टाकलं. पोटाशी मोठा बोंगा झाला. सासूबाईंनी बघितलं असतं तर मला शिव्या घातल्या असत्या.

"चालता येईल?"

"तू धरलंस तर."

हे आणि बाकीची माणसं आत गेली, आणि आम्ही दोघी जिना उतरलो.

नाक्यावर एकच गाडी उरली होती. दाऊद कुठं दिसेना. पहिल्या गाडीत त्याला सामानासकट कोंबून पुढं पाठवलं होतं हे नंतर कळलं. गाडीच्या मागच्या फळीशी एक गोरा शिपाई उभा होता, पोरसवदा, उन्हानं नाक सोललेला. आम्हाला बघून त्यानं हात आडवा केला.

माझं इंग्रजी सहावीपर्यंतचं, पण तो काय म्हणतो ते कळत होतं. हिंदी लोकांनी आपापल्या घरी जायचं. ही गाडी फक्त ज्यूंसाठी आहे.

"या ज्यू आहेत," मी म्हटलं.

त्यानं रूमियाखालांकडे बघितलं. डोक्यावर पदर, जांभळं लुगडं, पायापर्यंत काठ. "या?"

"हो."

"कागद?"

"पुतण्याकडे. तो पुढं गेला."

रूमियाखाला अरबीत घाईघाईनं काहीतरी सांगायला लागल्या. त्यांचा पुतण्या, त्यांची गल्ली, त्यांचे वडील. शिपाई वैतागला. एडनमध्ये अरबी कोण बोलत नाही? त्यानं मान हलवली आणि गाडीच्या चालकाला हात केला. इंजिन सुरू झालं. आतली माणसं अनोळखी होती, दुसऱ्या भागातली, ती नुसती बघत होती.

"क्या बोलता है?" रूमियाखालांनी माझा दंड घट्ट धरला.

"म्हणतोय, तुम्ही हिंदवाल्या आहात. यहुदी नाही."

त्यांचं तोंड उघडं राहिलं. मग त्यांनी खाली हात नेऊन लुगड्याचा काठ चाचपला, जणू आत्ता कळलं अंगावर काय आहे ते. मला खोटं बोलायचं नाही, घटकाभर बरं वाटलं मला. अगदी घटकाभरच. सासूबाई त्या उंबऱ्यातून परत फिरल्या होत्या, तेव्हा त्यांच्या बाजूनं बोलायला कुणी नव्हतं.

मी शिपायाच्या पुढं जाऊन उभी राहिले. "ऐका. या ज्यू आहेत. मला माहीत आहे."

"तुला कसं माहीत?"

"माझी सासू आज वारली. या बाईनं तिला आंघोळ घातली. ज्यूच ज्यूला घालतो."

"म्हणजे तूसुद्धा ज्यू?" त्याला ते जास्तच अवघड झालं. माझ्या गळ्यात मंगळसूत्र, आमच्यातही घालतात, त्याच्याकडे बघत होता. "खात्री काय?"

मी रूमियाखालांना सांगितलं, "आता विचारतोय, मी तरी यहुदी कशावरून."

त्यांनी माझा दंड सोडला, माझा हात शोधला आणि मनगटाला धरून वर उचलला, शिपायाच्या तोंडासमोर. दोघींचे हात अजून पाण्यानं सुरकुतलेले होते, साबणाचा वास होता. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. बंदरावरचे दुकानदार बोटीवरच्या गिऱ्हाइकाला म्हणतात तेवढे दोन शब्द यायचे.

"सेम-सेम," त्या म्हणाल्या.

शिपायानं आमच्याकडे आळीपाळीनं बघितलं. मग फळी खाली पाडली आणि त्यांना काखेत हात घालून वर चढवलं. लुगड्याचा बोंगा फळीला अडकला, तो मी सोडवला.

"आणि तू?" त्यानं मला विचारलं. "तूही ज्यू आहेस ना? चढ."

"माझं मयत घरी आहे," मी म्हटलं.

गाडी निघाली तेव्हा रूमियाखाला चुकीच्या बाजूला बघत हात हलवत होत्या. मी हाक मारली, तसा त्यांनी हात माझ्याकडे वळवला.

सासूबाईंना आम्ही कर्फ्यूच्या आत पोचवलं. परत आल्यावर त्या चौघांना प्यायला घरात थेंब नव्हता. खालच्या मजल्यावरच्या अरब बाईनं न विचारता एक सुरई जिन्यात आणून ठेवली. पुढच्या महिन्यात आम्हाला बोट मिळाली. ठाण्याला आलो ते इथलेच झालो. आता इथं आमच्यातली एखादी गेली की मला बोलावतात, आणि नव्या पोरी बरोबर असल्या की मी विचारते, तुटली का, आणि त्यांच्या तोंडाकडे बघते.

रूमियाखाला लंडनला पोचल्या आणि चार वर्षांनी वारल्या, एवढं कळलं. त्यांचं कुणी केलं ते कळलं नाही. सासूबाईंचं जांभळं लुगडं त्यांच्याकडेच राहिलं. ते परत मागायचं ह्यांच्या किंवा माझ्या मनातसुद्धा आलं नाही.